अडीचचा आकडा

१

पेटी टेबलावर उघडी पडली होती आणि तिच्या पोटातून वाचलेला आकडा पडद्यावर दिसत होता. साडेतीन.

सीमाने केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा वाचलं. साडेतीन.

"अडीच पाहिजे," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "शेठ, अडीच पाहिजे होता."

ओमप्रकाशशेठ खिडकीपाशी उभे होते. हिंगोलीच्या स्टेशन रोडला खताच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची कंपनी होती, आणि ती एकच वस्तू बनवायची: 'राखण'. हळद शिजवण्याच्या बॉयलरला लावायची एक पेटी. वाफेचा दाब ठरलेल्या हद्दीला पोचला की पेटी घंटा वाजवते आणि वाफेची झडप उघडून देते. यंदा पातळ झाकणांचे हलके बॉयलर बाजारात आले, म्हणून त्यांच्यापुरती ही हद्द साडेतीन किलोवरून अडीचवर आणायची असं ठरलं. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला आणली. तशा बावीस पेट्या गावोगाव गेल्या.

आणि मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी कुरुंद्याजवळच्या एका शेतात दाब तीनच्या वर गेला, ड्रमचं झाकण उडालं आणि द्वारकाबाई नावाच्या बाईचा उजवा हात खांद्यापर्यंत पोळला. टेबलावरची पेटी त्याच बॉयलरची होती.

"बाकी एकवीस जणांना फोन झाले," शेठ म्हणाले. "सगळ्यांना बंद ठेवायला सांगितलं. पण किती दिवस? लोकांची हळद काढून पडली आहे. मला दर पाच मिनिटाला फोन येऊन राहिला. नवीन सॉफ्टवेअर भरा आणि द्या, बस."

"हेसुद्धा आपण नवीनच म्हणून भरलं होतं," सीमा म्हणाली. "हे का चुकलं ते कळल्याशिवाय पुढचं बरोबर असेल हे कशावरून सांगायचं?"

शेठनी तिच्याकडे पाहिलं. "तीन माणसांचा हात लागतो त्याला. आकडा बदलला कोमलनं. बनवलं आणि भरलं शिवहारनं. तपासलं तुम्ही. तिघांतलं कोणीतरी खोटं बोलत आहे. शुक्रवारी चौकशीला सरकारी साहेब येणार. मला तोवर एक नाव पाहिजे, सीमाबाई."

आज मंगळवार होता. आणि तीन नावांत एक तिचं स्वतःचं होतं.

२

सीमा चव्वेचाळीस वर्षांची. पुण्यात पंधरा वर्षं तिने एकच काम केलं: दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधायचं. हिंगोलीला परत आल्यावरही तेच करत होती. चुका शोधायची तिला सवय होती. माणसं धरायची नव्हती, आणि म्हणूनच ती सकाळपासून चिडलेली होती.

कोमल समोर येऊन बसली. बावीस-तेवीस वर्षांची, कुरुंद्याचीच मुलगी. घरी चार एकर हळद.

"ताई, मी बदलला तो आकडा," ती बसता बसताच म्हणाली. "तुम्हाला काय वाटतंय, मी विसरले? आमच्या स्वतःच्या शेतात तोच बॉयलर येणार होता पुढच्या आठवड्यात."

"मला काही वाटत नाही. दाखव."

कोमलने दाखवलं. ऑफिसचं सगळं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर, एकाच फोल्डरमध्ये असायचं. सगळे तिथेच लिहायचे. कोणी काय बदललं याची नोंद आपोआप व्हायची. हद्दीच्या फाइलची नोंद स्वच्छ होती. अकरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून नऊ मिनिटं. साडेतीन खोडून अडीच. खाली कोमलचं नाव. त्यानंतर त्या फाइलीला आजपर्यंत कोणी हात लावलेला नव्हता.

"जतन केल्यावर तू काय केलंस?"

"शिवहारदादाला हाक मारली, की आकडा बदललाय, बनवायला घ्या. ते जाग्यावर नव्हते. साडेचारला आले तेव्हा सांगितलं. मग मी आवृत्तीचं नाव बदलून चार-दोन केलं. त्यांनी माझ्यासमोर बनवायला लावलं."

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोर, ताई." कोमलचे डोळे भरून आले होते, पण आवाज रागाचा होता. "काल रात्रीपासून गावातून फोन येऊन राहिलेत घरी. नामाजीबाबाच्या सुनेचा हात तुमच्या पोरीनं जाळला म्हणतेत. माझे बाबा आज बाजारालाही गेले न्हाईत."

सीमाने पेटीतलं आवृत्तीचं नाव वाचून पाहिलं. आवृत्ती चार-दोन. म्हणजे जुनं सॉफ्टवेअर चुकून भरलं गेलं असंही नव्हतं. नाव नवं होतं, आणि आत आकडा जुना होता.

३

"म्या दोनदा चालवलं," शिवहार म्हणाला. "दोनदा, ताई. त्यानं सांगितलं सगळं ताजं हाय, काम न्हाई. मंग मी काय करायचं होतं?"

'त्यानं' म्हणजे मुकादमाने. मुकादम हे कंपनीतल्याच परमेश्वर नावाच्या माणसाने लिहिलेलं एक साधन होतं. लिहिलेल्या दोनशे चौदा फायलींचा पेटीत भरता येईल असा माल बनवणं हे त्याचं काम. पण दरवेळी सगळंच नव्याने बनवत बसलं तर वीस मिनिटं जातात, म्हणून मुकादम आधी बघायचा की कुठली फाइल बदलली आहे, आणि तेवढीच बनवायचा. बदल ओळखायला तो प्रत्येक फाइलीचा चेकसम काढायचा; फाइलीतल्या एकूण एक अक्षराचा हिशोब करून निघणारा एक आकडा. एक टिंब बदललं तरी तो आकडा बदलतो. हे चेकसम मुकादम एका नोंदवहीत ठेवायचा. वहीतला आणि आत्ताचा चेकसम जुळला, तर फाइल ताजी.

सीमाने त्या दिवसाची मुकादमाची नोंद काढली. दोनच ओळी.

पहिली: काम संपलं ४:२२. बनवलेल्या फायली २१४.

दुसरी: काम संपलं ४:४०. बनवलेली फाइल १, आवृत्तीचं नाव. बाकी सगळं ताजं.

"पहिल्या वेळी सगळ्याच का बनल्या?"

"मशीनचं एक सेटिंग बदललं व्हतं त्या दिवशी. असं झालं की तो समदंच नव्यानं बनवतो."

चार नऊला आकडा बदलला. चार बावीसला सगळ्या फायली नव्याने बनल्या, हद्दीची पण. मग आत साडेतीन कुठून आला? सीमाला ते कागद फाडावेसे वाटले.

"बनलेल्या मालावर वेळ असते," ती म्हणाली. "हद्दीचा तुकडा किती वाजता बनला ते बघू."

शिवहारने मान खाली घातली. "ते न्हाई दिसायचं. काल शेठनी समदं फोल्डर नव्या डिस्कवर घ्यायला लावलं, कोणी हात लावू नये म्हणून. नकलेवर समद्याची वेळ कालचीच आली."

"आणि जुनी डिस्क?"

"पुसून दुसऱ्या मशीनला लावली. शेठच म्हणले."

सीमा उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "पुसली. घात झाला तिथली माती आधी झाडून घेतली."

"माझ्यावर काहून ओरडता?" शिवहारचाही आवाज चढला. "त्या दिवशी म्या जाग्यावर बी नव्हतो. वसमतच्या गाडीत पार्सल टाकायला डेपोत गेलतो."

दारातून शेठनी ते ऐकलं होतं. "म्हणजे मशीन चालू सोडून तू बाहेर होतास?" ते म्हणाले. "कोणी पण येऊन काही पण करून गेलं असेल. सीमाबाई, नाव मिळालं की."

४

बुधवारी सकाळी सीमा नांदेडच्या दवाखान्यात गेली. तिला शिवहारचं नाव कागदावर लिहायचं नव्हतं, आणि बॉयलरपाशी नक्की काय झालं हे अजून कोणी विचारलंच नव्हतं.

द्वारकाबाई तिशीची असेल. उजवा हात पट्ट्यांत उशीवर ठेवलेला. सीमाने स्वतःची ओळख सांगितली, तेव्हा बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पेटीवाल्या व्हय तुमी? बसा."

"घंटा वाजली नाही का, बाई?"

"वाजली की. पर लई उशिरा वाजली. मी काट्यावर ध्यान ठेवून व्हते. अडीच झालं, वाजली न्हाई. तीन झालं, वाजली न्हाई. मी बॉयलरवाल्या संतरामभाऊला हाक मारली, की भाऊ, पेटी आज बोलंना. तितल्यात घंटा वाजली अन् झाकण सुटलं. दोन्ही एकदमच."

"काटा कुठे होता तेव्हा?"

"तीनाच्या म्होरं. तीन अन् चाराच्या मधी."

सीमाने ते लिहून घेतलं. पेटी बिघडलेली नव्हती, तारा तुटलेल्या नव्हत्या. पेटीने सांगितलेलं काम चोख केलं होतं. तिला साडेतीनच सांगितलं गेलं होतं.

परतीच्या एसटीत तिने स्वतःचा जबाब स्वतःच घेतला. तिने चार-दोन तपासलं होतं, हे खरं. पेटी अडीचला वाजली होती, हेही खरं. पण ती पेटी तिने घरी स्वतःच्या लॅपटॉपवर, कोऱ्या फोल्डरमध्ये पहिल्यापासून बनवून भरलेली होती. शिवहारने भरलेली पेटी तिने हातातसुद्धा घेतली नव्हती. एकाच लिखाणातून दोन वेगळे माल निघतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं. येणारही नव्हतं, कारण मुकादम बरोबर चालतो असा शेरा तीन वर्षांपूर्वी तिनेच दिला होता. एकसष्ट चाचण्या लावून.

तिने ठरवलं, ऑफिसात पोचल्याबरोबर मुकादमाची वही उघडायची. वहीत हद्दीच्या फाइलीपुढे जुना चेकसम असणार. तसा असला की दोष कुठे आहे ते तिथेच कळेल.

वही उघडली. चेकसम नवा होता. अडीचवाल्या फाइलीचा, शेवटच्या अंकापर्यंत.

५

वहीप्रमाणे माल अडीचच्या फाइलीतून बनला होता. मालात साडेतीन होता. दोन्ही तिच्यासमोर होते आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडत होते.

बुधवारची सगळी दुपार तिने मुकादमाला पकडण्यात घालवली. जुन्या एकसष्ट चाचण्या पुन्हा लावल्या. फाइल बदल, चालव: बनवली. फाइल काढून टाक, चालव: ओरडला. नाव बदल, चालव: ओळखलं. न बदलता नुसती जतन कर, चालव: सगळं ताजं आहे, काम नाही. एका फाइलीत दुसरीचा उल्लेख असेल आणि दुसरी बदलली, तर दोन्ही बनवल्या. आकडा साडेतीनचा अडीच, अडीचचा पुन्हा साडेतीन. मुकादम एकदाही चुकला नाही.

एकसष्टच्या एकसष्ट हिरव्या. तीन वर्षांपूर्वी त्या हिरव्या ओळी बघून तिला बरं वाटलं होतं. आज त्यांचा राग येत होता.

चार वाजता लाइट गेली. इन्व्हर्टर दहा मिनिटं चालला आणि बसला. सीमा अंधाऱ्या पडद्यासमोर तशीच बसून राहिली. बाहेर शेठ फोनवर कोणालातरी समजावत होते, "हां भाई, कल तक, कल तक हो जाएगा."

"ताई," कोमल दारात येऊन म्हणाली, "परमेश्वरदादांनी जाताना काही करून ठेवलं असेल का?"

परमेश्वर दोन वर्षांपूर्वी शेठशी भांडून हैदराबादला गेला होता. मुकादम त्याचाच. त्याला आतली प्रत्येक वाट माहीत होती. सीमाने फोन लावला.

"सीमाताई! बोला."

ती थकलेली होती, आणि जे आधी विचारायचं नव्हतं तेच आधी विचारून बसली. "परमेश्वर, तुझ्याकडे अजून इथला पासवर्ड आहे का?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मी केलं असं म्हणायचंय तुम्हाला," परमेश्वर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तो उचलेना.

६

गुरुवारी सकाळी शेठनी पत्र टाइप करून आणलं होतं. "निष्काळजीपणामुळे श्री. शिवहार यांना कामावरून कमी करण्यात येत आहे." सही तेवढी बाकी होती.

"तुम्ही दोन दिवसांत काय काढलं?" शेठ म्हणाले. "काहीच नाही. मग मी काय करू?"

शिवहार कोपऱ्यात उभा होता. त्याने पाकिटातून एक चुरगळलेली पावती काढून टेबलावर आपटली. "ही बघा पार्सलची पावती. मी डेपोतच व्हतो. चहा प्यायला गेलतो म्हणून राहिले समदे. बघा तिच्यावर टाइम."

सीमाने पावती उचलली. अकरा फेब्रुवारी. वसमत. वेळ चार वाजून पंधरा मिनिटं.

तिने पावती टेबलावर सपाट केली.

"शिवहार, इथून डेपोत जायला किती वेळ लागतो?"

"मोटरसायकलीनं सात-आठ मिनिटं. मंग पार्सलच्या खिडकीवर लाइन व्हती."

"म्हणजे तू इथून चारच्या आसपास निघालास. परत कधी आलास?"

"साडेचारला. कोमल सांगेल."

"आणि दोनशे चौदा फायली बनायला वीस मिनिटं लागतात. जुन्या डिस्कवर वीसच."

"व्हय. म्हणून तर लावून गेलतो. परत येईस्तोवर व्हईल म्हणलं."

सीमाने मुकादमाची नोंद पुढे ओढली. काम संपलं ४:२२. संपलं. सुरू कधी झालं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीन दिवस सगळ्यांनी ती वेळ बनवायची वेळ म्हणून वाचली होती, आणि तिनेही. चार बावीसला संपलेलं काम चार वाजून दोन मिनिटांनी सुरू झालं होतं. शिवहारच्या हाताने, तो डेपोला निघण्याआधी.

कोमलने आकडा बदलला तेव्हा चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. मुकादम तेव्हा कामाच्या मधोमध होता.

तिने यादी वरून वाचायला सुरुवात केली. दोनशे चौदा फायलींत हद्दीची फाइल तिसरी होती.

"शेठ, सही करू नका," ती म्हणाली. "मला एक फोन करायचा आहे. आणि आधी माफी मागायची आहे."

७

परमेश्वरने सहाव्या वेळी उचलला.

"चुकलं माझं," सीमा म्हणाली. "तसं विचारायला नको होतं. एका बाईचा हात भाजलाय, परमेश्वर. मला एवढंच सांग, मुकादम चेकसम कधी काढतो? बनवायच्या आधी की नंतर?"

"आधी," तो रुक्षपणे म्हणाला. "आधी काढल्याशिवाय काय बदललं ते कळणार कसं?"

"आणि सगळंच नव्याने बनवायचं असेल तेव्हा?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तेव्हा आधी काढायची गरजच नव्हती," परमेश्वर सावकाश म्हणाला. "सगळंच बनवायचं आहे, तर जुळवून बघायचं कशाला? शेठ रोज मागं लागायचे, लई वेळ लागतो, लई वेळ लागतो. मग मी तेव्हापुरतं ते शेवटी नेलं. सगळं बनवून झालं की सगळे चेकसम एकदम काढायचे आणि वहीत लिहायचे." मग त्याने विचारलं, "ताई, मधेच कोणी फाइल बदलली काय?"

"बदलली."

"अरे देवा," परमेश्वर म्हणाला.

सीमाने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. शेठना कॉम्प्युटरच्या भाषेत कळणार नव्हतं, म्हणून ती त्यांच्या भाषेत बोलली.

"समजा तुम्ही एका पोत्यातली हळद दळायला दिली. दळण चालू असताना ते पोतं कोणीतरी उचललं आणि तिथे चांगल्या हळदीचं ठेवलं. दळण आल्यावर तुम्ही समोर असलेल्या पोत्यातून नमुना काढला आणि पिठाच्या पिशवीवर त्याची चिठ्ठी लावली. पिशवीत पीठ जुन्या हळदीचं. चिठ्ठी नव्या हळदीची."

"फिर?"

"मुकादमाने चार-तीनच्या सुमाराला हद्दीची फाइल वाचली. तेव्हा तिच्यात साडेतीन होता. त्याचा माल बनवला. चार-नऊला कोमलने अडीच केला. चार-बावीसला मुकादमाने चेकसम काढले, ते अडीचवाल्या फाइलीचे. वहीत तेच लिहिले. साडेचारला शिवहार आला, कोमलने सांगितलं, त्याने पुन्हा चालवलं. मुकादमाने वही बघितली, फाइल बघितली. जुळलं. तो म्हणाला, सगळं ताजं आहे. आवृत्तीचं नाव तेवढं नवं होतं, ते त्याने बनवलं. म्हणून पेटीवर नाव नवं आणि आत आकडा जुना. त्या फाइलीला पुन्हा कोणी हात लावला नसता, तर तो आकडा दहा वर्षं तसाच राहिला असता."

"म्हणजे मी बदलला होता," कोमल म्हणाली.

"तू बदलला होतास."

"अन् म्या चालवलं व्हतं," शिवहार म्हणाला.

"दोनदा."

शेठनी पत्र उचललं, पाहिलं, चार तुकडे केले. मग त्यांना सुचलं. "मग शुक्रवारी नाव कोणाचं लिहायचं?"

"हे आधी सिद्ध तर होऊ द्या," सीमा म्हणाली.

तिने बासष्टावी चाचणी लिहिली. मुकादमाला सगळं नव्याने बनवायला लावायचं. तो पन्नासाव्या फाइलीवर पोचला की मागे जाऊन तिसरी फाइल बदलायची. काम संपलं की पुन्हा चालवायचं आणि मालात कुठला आकडा आहे ते बघायचं. चालवली. मुकादम म्हणाला, सगळं ताजं आहे, काम नाही. मालात जुना आकडा. खाली लाल ओळ उमटली.

चार दिवसांत पहिल्यांदा सीमाला हसू आलं. तिने पडद्यावर बोट ठेवून कोमलला ती लाल ओळ दाखवली.

दुरुस्ती फोनवर बसून परमेश्वरनेच सांगितली: चेकसम फाइल वाचायच्या आधी काढायचा, माल बनल्यावर पुन्हा काढायचा, आणि दोन जुळले नाहीत तर तो तुकडा शिळा समजायचा. दुपारी तीनला बासष्टावी हिरवी झाली. शिवहारने माल बनवला आणि एक पेटी भरली. तीच पेटी सीमाने त्याच्या हातातून घेतली आणि दाबाला लावली. अडीचला घंटा वाजली. मग तिने उरलेल्या पेट्यांची यादी घेतली आणि म्हणाली, या सगळ्या परत आणायच्या, आणि प्रत्येक मी वाजवून बघणार.

शुक्रवारच्या अहवालात तिने घटना जशी घडली तशी लिहिली. शेवटी एक वाक्य होतं: ही चूक पकडणारी चाचणी लिहिणं माझं काम होतं, ती मी लिहिली नव्हती.

"स्वतःचं नाव घालायची काय गरज होती?" शेठनी विचारलं. "मशीनची चूक लिहिली असती तर चाललं असतं."

"मशीनला कोण विचारणार आहे, शेठ?" सीमा म्हणाली आणि पेट्यांच्या यादीकडे वळली.

८

द्वारकाबाईला पुढच्या रविवारी घरी सोडलं. सीमा आणि कोमल स्कूटीवर तिच्या वस्तीवर गेल्या. काट्यांच्या कुंपणात मेंढरं बसली होती. ओट्यावर द्वारकाबाईचे सासरे नामाजीबाबा, शेजारची दोन-चार माणसं. चहा आला.

सीमाने द्वारकाबाईपाशी बसून सगळं सांगितलं. काय घडलं, आकडा कुठे अडकला, कोणाचं चुकलं.

"मला सांगून काय उपयोग?" सगळं ऐकून ती म्हणाली. "मी तर तिथंच व्हते. मला ठावं हाय पेटी उशिरा वाजली ते. इथं समदे म्हणून राहिले, बाईचं काट्याकडं ध्यान नव्हतं, गप्पा हाणत बसली असंल. संतरामभाऊ बी तेच म्हनतो. त्याचा बॉयलर हाय, त्याचं खरं. आता मला कोणी कामाला सांगंना." तिने डावा हात ओट्याकडे केला. "त्यायला सांगा."

सीमा उठली. ओट्यापुढे उभी राहिली.

"द्वारकाबाईंचं ध्यान काट्यावरच होतं," ती म्हणाली. "अडीचला वाजायची पेटी साडेतीनला वाजली. चूक आमच्या कंपनीची आहे. तपासायचं काम माझं होतं."

नामाजीबाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुमी तपासलं न्हवतं व्हय, बाई?"

"तपासलं होतं, बाबा."

"मंग काहून कळलं न्हाई?"

"मी तपासताना एका वेळी एकच गोष्ट करत होते. आधी बदलायचं, मग थांबायचं, मग बनवायचं. ऑफिसात तसं कोणी थांबत नाही. एक जण बनवत असतो, दुसरा त्याच वेळी बदलत असतो. ते मी करून बघितलं नाही."

म्हाताऱ्याने सावकाश मान हलवली. पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. मग तो उठला, कुंपणापाशी गेला आणि पलीकडच्या वावराकडे तोंड करून जोरात हाक मारली, "संतराम! ए संतराम! इकडं ये जरा!"

बांधावरून एक माणूस येताना दिसला. द्वारकाबाई खाटेवर सरळ होऊन बसली. पदर नीट केला.

"आता त्याच्यासमोर," नामाजीबाबा म्हणाले. "पयल्यापासून."

संतराम येऊन उभा राहिला, आणि सीमाने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.